'ग्रामर सोडा, बिनधास्त बोला' हा सल्ला आपल्या पोरांना महागात पडतो

गेले काही दिवस आमच्या मालवणातल्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, की इंग्रजी बोलायचं तर टेन्स, इफ, वूड, कुड असलं काही शिकू नका, वूड म्हणजे विलचा भूतकाळ, कॅन-कुड-मे सगळं एकच, आणि चुकलं तरी समोरचा समजून घेतो. बिनधास्त बोला एवढं मलाही पटतं. बाकीचं चूक आहे, आणि होमस्टे, स्कुबा, जहाजावरची नोकरी यावर ज्यांची घरं चालतात त्यांचं त्यात नुकसान आहे म्हणून लिहितोय.

आधी वूड घेऊ. 'ही सेड ही वूड कम' मध्ये तो विलचा भूतकाळ आहे, मान्य. पण 'इफ आय हॅड अ बोट, आय वूड टेक यू' यात भूतकाळ कुठाय? माझ्याकडे आत्ता होडी नाहीये, एवढंच तो 'हॅड' सांगतो. आपल्याला हे परकं नाही हो, 'उद्या पाऊस आला तर होडी सुटणार नाही' यात 'आला' हे रूप भूतकाळाचं आणि पाऊस उद्याचा! खरी गोची पुढे आहे. 'होडी असती तर नेलं असतं' हे आपण आजच्यासाठी पण म्हणतो आणि कालच्यासाठी पण, इंग्रजीत मात्र कालचं असेल तर 'इफ आय हॅड हॅड अ बोट, आय वूड हॅव टेकन यू' असं वेगळं करावं लागतं. आपली पोरं नेमकी इथेच घसरतात.

'इफ इट विल रेन' पण नको, 'इफ इट रेन्स' म्हणा, विल दुसऱ्या भागात येऊ दे. ('इफ यू विल वेट' चालतं, पण तिथे विल म्हणजे 'थांबायची तयारी असेल तर'.)

कॅन-कुड-मे एकच म्हणणाऱ्याने जहाजावर जाणाऱ्या कुठल्याही पोराला विचारावं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली जहाजांवरच्या बोलण्यासाठी ठरावीक वाक्यं मंजूर केली, त्यात मे, माइट, शुड, कुड हे शब्द अर्थ दोन होतात म्हणून टाळायला सांगितलेत, आणि कॅनसुद्धा जिथे अर्थ दोन होतील तिथे नको म्हटलंय. 'यू कुड बी रनिंग इन्टू डेंजर' नाही म्हणायचं, आधी 'वॉर्निंग' आणि मग सरळ 'यू आर रनिंग इन्टू डेंजर'. सगळं एकच असतं तर एवढा खटाटोप कशाला केला असता कोणी?

टेन्सचं थोडक्यात. यांत्रिक मासेमारीची बंदी १ जूनला सुरू झाली, तर 'द बॅन स्टार्टेड ऑन १ जून'. 'हॅज स्टार्टेड' पण बरोबर आहे, फक्त तारीख जोडली की नाही चालत.

आता 'समोरचा समजून घेतो'. आमच्या काकींच्या होमस्टेवर एका परदेशी पाहुण्याने जूनमध्ये विचारलं, जुलैत येतोय, सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाता येईल का? पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद असते. उत्तर देणाऱ्या काकींच्या भाच्याला म्हणायचं होतं, समुद्र शांत असता तर गेला असता, म्हणजे नाहीच. 'यू कुड गो इफ द सी वॉज काम' लिहिलं असतं तरी निदान 'नाही'चा सूर कळला असता, आणि खरं तर सरळ 'होडी बंद' लिहायला हवं होतं. त्याने लिहिलं 'यू कॅन गो इफ द सी इज काम'. म्हणजे शांत असला तर जाता येईल, असूही शकतो शांत. पाहुणा तीन रात्रींचं बुकिंग करून आला, भर पावसात सॅक पाठीवर घेऊन जेटीवर उभा. काकी म्हणाली, "होडी बंद आसा, हेका कोणी सांगूक नाय?" त्याने फोन काढून भाच्याचा मेसेज दाखवला. काकीने दोन रात्रींचे पैसे परत दिले.