बीएड किती वर्षांचं हे भांडण ठीक आहे, पण वर्गात सोबत कोण असतं?

गोव्यातल्या आमच्या बीएड कॉलेजचा, जुन्या-नव्या बॅचेसचा मिळून एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एरवी त्यात चवथीच्या शुभेच्छा, शिगम्याचे व्हिडिओ आणि कुणाच्या तरी मुलाचे दहावीचे मार्क यापलीकडे काही नसतं, पण सध्या तो पेटलेला आहे. एक तर सुप्रीम कोर्टाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल, की पहिली ते आठवीच्या ज्या शिक्षकांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त शिल्लक आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हायचंच, नाहीतर घरी बसायचं (अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न तेवढा मोठ्या बेंचकडे गेलाय). त्यात एनसीटीईने, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या केंद्राच्या परिषदेने, एक वर्षाचं बीएड परत आणायचा मसुदा काढला, म्हणजे चार वर्षांची डिग्री किंवा एमए-एमएससी असेल त्यांना. आणि वरून बारावीनंतरचा चार वर्षांचा आयटीईपी, म्हणजे पदवी आणि बीएड एकत्र असलेला कोर्स, जो नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०३० पर्यंत शिक्षक व्हायचा मुख्य रस्ता होणार आहे. म्हणजे एकीकडून एक वर्ष, दुसरीकडून चार वर्षं, मध्ये २०१५ पासून चालू असलेलं दोन वर्षांचं, आणि डोक्यावर परीक्षा.

ग्रुपमध्ये अर्थातच पार्ट्या पडल्या. आम्ही जुन्या एक वर्षवाल्या म्हणतो आम्ही काय वाईट शिकवलं, नंतरची पोरं म्हणतात मग आमचं एक वर्ष फुकट घालवलंत का, आणि वीस वर्षं शिकवून आता टीईटीची गाइडं आणणाऱ्यांचा राग तर मला समजतोच. मी इथे इंग्लंडमध्ये स्विंडनला बसून हे वाचते. (गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं म्हणून नवऱ्याला पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला, त्यावर आम्ही इथे आलो, इथल्या बसमध्ये कोंकणी ऐकू आली नाही असा दिवस जात नाही.) इथे मी आधी टीचिंग असिस्टंट होते, मग परत ट्रेनिंग करून सायन्स टीचर झाले, आणि आता नव्या ट्रेनींची मेंटॉर, म्हणजे शिकाऊ शिक्षकांना वर्गात सोबत करणारी, आहे. म्हणजे शिक्षक घडवायच्या दोन्ही पद्धती अंगावर घेतल्यात, तेवढ्या हक्काने बोलते.

माझं म्हणणं एवढंच आहे की वर्षं किती हा प्रश्न दुय्यम आहे. शिकाऊ शिक्षक वर्गात उभा असतो तेव्हा त्याच्यासोबत कोण असतं आणि त्या माणसाला त्यासाठी वेळ दिलेला असतो का, हा खरा प्रश्न आहे आणि तो आमच्या ग्रुपमध्ये कुणी काढलेला नाही.

आमच्या वेळचे सरावाचे लेसन आठवा. मायक्रो टीचिंगमध्ये, म्हणजे एकेका कौशल्याच्या छोट्या सरावात, समोर आपल्याच मैत्रिणी पाचवीतली मुलं बनून बसलेल्या, सेट इंडक्शन झालं, स्टिम्युलस व्हेरिएशन झालं, मग रात्र रात्र जागून चार्ट, आणि मग शाळेत जाऊन खरे लेसन. वर्ग कुठला मिळायचा तर आठवी अ. मुलांना आधीच सांगून ठेवलेलं की बीएडच्या टीचर आल्यात, दंगा करायचा नाही, आणि मुलंही इतकी मुरलेली की प्रश्न अर्धा विचारला की हात वर. कॉलेजच्या मॅडम मागच्या बाकावर येऊन बसायच्या, पंधरा मिनिटं बघायच्या, वहीत 'गुड, इम्प्रूव्ह ब्लॅकबोर्ड वर्क' लिहून शेजारच्या वर्गात दुसऱ्या मुलीचा लेसन बघायला जायच्या. त्यांचा दोष नाही, एका दिवसात त्यांना कितीजणी बघायच्या असायच्या. आणि ज्या बाईंचा तो वर्ग, त्या कुठे? स्टाफरूममध्ये पेपर तपासत. त्यांनाही दोष देता येत नाही, वर्षातून तेवढाच मोकळा वेळ त्यांना मिळायचा.

२०१२ च्या न्यायमूर्ती वर्मा आयोगाने शिक्षक-प्रशिक्षणाचे वाभाडे काढले, त्यानंतर बीएड दोन वर्षांचं झालं आणि २० आठवड्यांची इंटर्नशिप आली. कागदावर फार चांगलं. पण आता शाळेत असलेल्या मैत्रिणी सांगतात ते ऐकलं की वाटतं लेसनचे आठवडे वाढले आणि बाकी तेच राहिलं. इंटर्न आले की शाळेला पहिला आनंद होतो तो ऑफ पिरियड भरायची सोय झाली याचा. कोण रजेवर, कोण मतदार याद्यांच्या (बीएलओच्या) कामाला, कोण ट्रेनिंगला, तिथे इंटर्नला पाठवा. मग ती पोर आठवडाभर सातवीच्या चार डिव्हिजनमध्ये शांत बसा शांत बसा करत फिरते आणि सर्टिफिकेटवर लिहून येतं की इंटर्नशिप समाधानकारक.

इथे काय होतं ते सांगते. इंग्लंडमध्ये शिक्षक व्हायचे रस्ते बरेच आहेत, युनिव्हर्सिटीतून पीजीसीई (पदवीनंतरचा शिक्षक व्हायचा कोर्स) करा नाहीतर शाळांच्या गटाने मिळून चालवलेला कोर्स करा, त्याला स्किट म्हणतात, १९९३ पासून आहे. मी तो केला. कुठल्याही रस्त्याने गेलात तरी साधारण १२० दिवस शाळेत काढावे लागतात आणि किमान दोन वेगवेगळ्या शाळांत. सप्टेंबरात शाळा उघडते त्या दिवसापासून तुम्ही तिथे, स्टाफ मीटिंगला, ब्रेक ड्युटीला, पालकसभेला. पहिले काही आठवडे नुसतं बघायचं, पण बघायचं म्हणजे एक गोष्ट धरून, आज फक्त मुलं वर्गात शिरतानाची पहिली पाच मिनिटं, उद्या फक्त प्रश्न कुणाला विचारले जातात ते. मग दहा मिनिटांचा तुकडा तुम्ही घ्यायचा, मग अर्धा तास, मग पूर्ण तास, मग दोन वर्ग.

आणि वर्ग ज्याचा तो शिक्षक तिथेच असतो. वर्गाची जबाबदारी त्याचीच राहते. गोव्यात पेडण्याकडे दशावतारात नवा पोरगा रंगमंचावर येतो तेव्हा त्याच्या हातात लिहिलेले संवाद नसतात, तो अडला की समोरचा जुना राजा आपल्याच वाक्यात त्याला पुढचा धागा देतो आणि प्रेक्षकांना कळतही नाही. चांगला मेंटॉर अगदी तेच करतो. माझा पहिला नववीचा वर्ग हाताबाहेर चालला होता, माझे मेंटॉर उठून ओरडले नाहीत, मागून चालत आले, एका मुलाच्या बाकाशी उभे राहिले आणि मलाच विचारलं की मिस, तो आकृतीतला बाण परत दाखवाल का. वर्ग वळला. तास संपल्यावर बसून त्यांनी एकच गोष्ट सांगितली, सूचना देताना चालू नका, एका जागी उभ्या राहा. पुढच्या आठवड्याचं टार्गेट तेवढंच. बीएडच्या अख्ख्या वर्षात मला एवढं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

हे त्यांच्या चांगुलपणावर चाललेलं नाही. आता तर सरकारने नियमच केलाय की प्रत्येक ट्रेनीमागे मेंटॉरचा आठवड्याला दीड तास ठरलेला हवा, मेंटॉरचं स्वतःचं ट्रेनिंग झालेलं हवं. माझ्या टाइमटेबलमध्ये तो वेळ छापलेला असतो, त्या वेळात मला दुसऱ्याच्या वर्गावर पाठवायचं नाही (पाठवतात कधीकधी, सगळीकडे माणसंच आहेत). आणि पास झालं की संपलं असं नाही, २०२१ पासून नव्या शिक्षकाची पहिली दोन वर्षं पण आधाराची धरलीत, पहिल्या वर्षी दहा टक्के तास कमी, दुसऱ्या वर्षी पाच टक्के, आणि मेंटॉर चालूच.

आता कुणी म्हणेल झालं, परदेशात गेली आणि तिकडचं कौतुक सुरू. थांबा. इथलं ट्रेनिंगचं वर्ष माणसाला पिळून काढतं. रविवारी रात्री पोटात गोळा, सोमवार ते शुक्रवार शाळा, रात्री प्लॅनिंग, आणि वर असाइनमेंट. फी २०२५-२६ ला ९,५३५ पौंड होती, फिजिक्स-मॅथ्सवाल्यांना चांगली बर्सरी (शिष्यवृत्ती) मिळते, बाकीचे बहुतेक कर्ज काढतात. तरी माणसं पुरेशी मिळत नाहीत. २०२३-२४ ला सेकंडरीचं भरतीचं टार्गेट निम्मंच भरलं, फिजिक्सचं तर १७ टक्के. आणि जे येतात त्यातले साधारण एक तृतीयांश पाच वर्षांत सोडून जातात. मेंटॉर वाईट मिळाला तर सगळंच गेलं, कारण तुमचं अख्खं वर्ष त्या एका माणसाच्या स्वभावावर लटकलेलं असतं. माझ्यासोबतच्या एका मुलाचं असंच झालं, हुशार होता, ईस्टरआधी सोडून गेला.

शिवाय शाळेतच सगळं शिकायचं म्हटलं की ती एकच शाळा जग होऊन बसते. या शाळेत मुलं रांगेत गप्प येतात म्हणून गप्प येणं म्हणजे शिस्त, असं ट्रेनीला वाटायला लागतं. आपल्याकडे बीएडमध्ये निदान शिक्षणाचं तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, मूल कसं वाढतं यावर महिने जातात. तेव्हा कंटाळा यायचा, पण माझ्या ट्रेनींपैकी कित्येकांनी त्यातलं काही वाचलेलं नसतं आणि ते जाणवतं. पणजीच्या आल्तिनोवर निर्मला इन्स्टिट्यूट हे बीएड कॉलेज १९६३ पासून आहे, म्हणजे गोवामुक्तीनंतर दोन वर्षांत, त्याच सुमाराला पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार गावोगावी प्राथमिक शाळा उघडायच्या मागे लागलं होतं आणि मास्तर रत्नागिरीकडून आणावे लागत होते. ही कॉलेजं मोडून सगळं शाळांच्या हवाली करा असं मी मुळीच म्हणणार नाही. फळ्यावरच्या अक्षराचं तर बोलूच नका, त्यात इथल्यांना आपल्या बीएडवाल्यांकडे शिकवणीला पाठवावं.

पण इथली एक गोष्ट मला गोव्यासाठी हवीच आहे, ती दोन वेगळ्या शाळांची. आपल्याकडे इंटर्न जातात कुठे तर कॉलेजच्या आसपास, पणजी, फोंडा, म्हापसा, मडगाव. सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या गावात कोण जातो? कदंबाची एक बस चुकली की दिवस गेला, तेही खरं. पण गोव्यातल्या मुलाचा सगळ्यात अवघड क्षण बघायचा तर तो पाचवीतच बघावा लागतो. चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणीतून शिकलेलं मूल पाचवीत हायस्कूलला येतं आणि एका जूनमध्ये गणित, विज्ञान, सगळं इंग्रजीत. आपण २०११ पासून माध्यमावर भांडतोय, इंग्रजी प्राथमिकांना अनुदान द्यायचं की नाही यावर सरकारं हलली, मोर्चे झाले, आणि त्या सगळ्या आरडाओरड्यात त्या पाचवीतल्या मुलाला 'इव्हॅपोरेशन' कसं शिकवायचं हे शिक्षकाला कुणी शिकवलं नाही. आमच्या बीएडमध्ये त्यावर एकही लेसन नव्हता.

मला ते इथे शिकायला मिळालं, तेही गोव्याच्या मुलांवर. स्विंडनच्या वर्गात कोंकणी बोलणारी मुलं येतात, पोलिश येतात, आणि घरी इंग्रजी नसलेल्या मुलांसाठी धडा कसा बांधायचा हे ट्रेनीला करून दाखवावं लागतं. नवे शब्द आधी वेगळे काढायचे, चित्रासोबत द्यायचे, मोठ्याने म्हणून घ्यायचे, मुलाला आधी जोडीत बोलू द्यायचं, स्वतःच्या भाषेत विचार केला तरी चालेल म्हणायचं, मग वाक्याची सुरुवात देऊन लिहायला लावायचं. जादू काही नाही. पण हे पुस्तकात वाचून येत नाही, बाजूला कुणीतरी ते करणारं असावं लागतं. इंटर्नने एक टर्म वाळपईकडच्या मराठी शाळेत चौथीला आणि पुढची टर्म हायस्कूलच्या पाचवीला काढली, तर तिला कळेल की मूल कुठून येतं आणि कुठे आपटतं. हे बीएड एक वर्षाचं असलं तरी करता येईल, आणि चार वर्षांचं असून नाही केलं तर त्या चार वर्षांना काय चाटायचंय?

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं तर आमची एक मैत्रीण, जी आता एका एडेड (अनुदानित) हायस्कूलची हेडमिस्ट्रेस आहे, तिने सरळ फोनच केला. म्हणाली, "गे, दीड तास काढू कुठून? दोन पोस्ट रिकाम्या, दोघं लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासाच्या हिशोबाने पगार, ते तर पुढच्या वर्षी असतील की नाही माहीत नाही, ते काय कुणाला मेंटॉर करणार? आणि तुझी ती वाळपईकडची शाळा, तिथे एकच बाई असेल चार वर्गांना. तिथे इंटर्न गेली की बाई तिला दोन वर्ग देऊन मोकळी होणार, आणि मी असते तरी तेच केलं असतं."

मुद्दा बिनतोड आहे. इथे शाळेला त्यासाठी थोडेफार पैसे मिळतात, म्हणून तो वेळ निघतो. पैशाशिवाय नियम केला तर आणखी एक रजिस्टर तेवढं वाढेल, दीड तास मेंटॉरिंग केलं म्हणून सही. बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात डॉक्टरकीचा इंटर्न स्टायपेंड घेतो आणि त्याच्या डोक्यावर सीनियर असतो, शिक्षकाच्या इंटर्नला बसचं तिकीटही स्वतःचं आणि सीनियर दुसऱ्या वर्गावर. हे बदलायचं तर बजेटमध्ये ओळ हवी.

मी तिला एक सुचवलं. गोव्यात सरकारी शिक्षक साठीला रिटायर होतो आणि बरेचसे ठणठणीत असतात, देवळाच्या कमिटीवर, नाटकमंडळात, नाहीतर मुलाच्या दुकानावर बसलेले. त्यातले जे खरोखर चांगलं शिकवायचे ते कोण हे प्रत्येक गावाला माहीत असतं. अशांना तालुक्यामागे काहीजण मानधनावर घ्या, दोन-तीन शाळांतल्या इंटर्नमागे एक असं वाटून द्या, पाहणी करायला नको, मार्क द्यायला नको, फक्त वर्गात बसायचं आणि नंतर तासभर बोलायचं. बस लागत नाही, कारण ते त्याच गावातले. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली कल्पना वाईट नाही, पण आमच्या जुन्या सरांना बसवलं तर ते इंटर्नला बाजूला करून स्वतःच शिकवायला लागतील.

तेही खरंच आहे, म्हणूनच मेंटॉरला आधी ट्रेनिंग लागतं. ते डायटकडून (जिल्ह्याची शिक्षक-प्रशिक्षण संस्था) पर्वरीला होऊ शकेल, आठवडाभराचं पुरे. मानधन किती ठेवायचं यावर मात्र आमचं जमलं नाही, ती म्हणते जास्त ठेवलं तर नको ते लोक वशिल्याने येतील, मी म्हणते फुकट ठेवलं तर कुणीच येणार नाही.