पणजीच्या कपाळावर कुंकू नव्हतं

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुतण्यानं एक फोटो टाकला. मध्ये खुर्चीवर माझी पणजी, दोन्ही बाजूंना खाकीतले तिचे दोन मुलगे. डावीकडचा माझा आजोबा. मूळ फोटो १९४३ चा. पुतण्यानं तो कुठल्याशा एआय ॲपमध्ये घालून रंग भरले, चिरा बुजवल्या आणि खाली लिहिलं, ‘वीरमाता’. दहा मिनिटांत सगळ्यांचे हात जोडून झाले. मी मात्र बराच वेळ त्या फोटोकडे बघत बसलो आणि मला रडू आलं.

पणजीच्या कपाळावर मोठं लाल कुंकू होतं. फोटो काढला तेव्हा पणजोबांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

लुगडं पोपटी झालं होतं, तोंडावर हसू आलं होतं आणि माझी काळीसावळी पणजी गोरीपान झाली होती. बोटंही मऊसूत. तिनं जन्मभर विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि जर्दा, हातात कात्री, असं बसून तिनं दोन पोरं वाढवली. मूळ फोटोत उजव्या हाताची बोटं जरा आखडलेली दिसतात, नखं काळी. पायात चप्पल नाही आणि घोट्यापर्यंत पांढुरकी धूळ. ती धूळ कामठी रोडची. नागपूरच्या इंदोऱ्याहून ती पहाटे पायी कामठीच्या छावणीकडे निघाली होती, पदरात भाकर आणि जवसाची चटणी बांधून, कारण पोरांची पलटण हलणार असं कानावर आलं होतं. आजोबा सांगायचे, फोटोवाला म्हणाला, बाई, जरा हसा. तर माय म्हणाली, "काहून हासू? पोट्टे चालले माहे."

ते न हसलेलं तोंड म्हणजेच तो फोटो आहे. तेच पुसून टाकलं तर उरलं काय?

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. दोघांच्या टोप्यांवर एक बिल्ला आहे, नखाएवढा. ॲपनं त्याचं एक सोनेरी फूल करून टाकलं. त्या जागी कोरेगावचा स्तंभ होता आणि त्यावर ‘महार’ ही अक्षरं.

ज्यांना याची किंमत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १८९० च्या दशकात इंग्रजांनी ‘लढवय्या जाती’ नावाचं खूळ डोक्यात घेतलं आणि आमच्या लोकांना सैन्याचे दरवाजे बंद केले. ज्या कोरेगावला १ जानेवारी १८१८ ला आमचे लोक लढले, पडले आणि ज्यांची नावं त्या सरकारनं स्वतः दगडावर कोरली, त्यांच्याच नातवंडांना. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये पुन्हा १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर गेले आणि त्यांनी आग्रह धरला, तेव्हा कुठे १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. दुसरी बटालियन १९४२ मध्ये आमच्या कामठीला. माझे आजोबा आणि त्यांचा मोठा भाऊ या दुसरीतले.

जे नाव गावात शिवीसारखं उच्चारलं जायचं, जे ऐकून विहिरीवरून हाकलायचे, ते नाव सरकारी पितळेत ओतून पोरांच्या डोक्यावर आलं होतं. पणजीला वाचता येत नव्हतं. आजोबा सांगायचे, फोटोच्या आधी तिनं दोघांच्या टोप्या हातात घेतल्या, पदरानं बिल्ले पुसले आणि विचारलं, "यात आपलं नाव लिवलं हाय म्हंतात, कुठी हाय?" मोठ्या पोरानं तिचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं.

हीच पणजी आदल्या वर्षी, जुलै १९४२ मध्ये, नागपूरच्या मोहन पार्कमध्ये भरलेल्या दलित वर्गांच्या अधिवेशनाला गेली होती. २० तारखेला तिथेच महिलांची वेगळी परिषद झाली. समाजाची प्रगती मी स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, हे बाबासाहेबांनी तिथेच सांगितलं. ते तिनं कानांनी ऐकलेलं होतं. ती कुणाची वीरमाता वगैरे नव्हती. पोरांना पाठवलं ते दर महिन्याच्या मनीऑर्डरसाठी आणि त्या बिल्ल्यासाठी. दोन्ही कारणं खरी, दोन्ही मोठी. त्यांच्यावर देशभक्तीचा तयार मथळा चिकटवायची गरज नाही.

फोटो तिनं कधी भिंतीवर लावला नाही. भिंतीवर फोटो गेलेल्या माणसाचा, हार घालून. म्हणून पोरं परत येईपर्यंत तो लुगड्याच्या घडीत, पेटीत, पालथा. दोघंही आले. तरी सवयीनं तो पेटीतच राहिला, म्हणून तर आज इतका शाबूत आहे. मागे आजोबांच्या हातची पेन्सिल आहे: ‘मायसंगं, कामठी, १९४३’.

उत्तर नागपुरात माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत सगळ्यात जुना फोटो हा असाच पलटणीतल्या पोरासोबतचा आहे. त्याआधी आमच्या बायांचे फोटो काढणार कोण आणि कशाला? पोराच्या अंगावर वर्दी आली म्हणून आई पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर बसली. घरातल्या बाईचा पहिला आणि बहुतेक वेळा एकुलता एक पुरावा. हात जोडून सांगतो, त्याला रंग लावू नका. चांगल्या स्कॅनरवर स्कॅन करा, मागची बाजूसुद्धा करा. घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर आजच जाऊन विचारा की ती कुठून आली होती, काय नेसली होती, काय म्हणाली होती.

पुतण्यावर मी रागावलो नाही. त्यानं प्रेमानंच केलं होतं. रविवारी त्याला घरी बोलावलं, पेटी काढली, मूळ फोटो त्याच्या हातावर ठेवला आणि आजोबांचं भिंग दिलं. बराच वेळ तो पणजीच्या पायांकडे बघत होता. मग भिंग हळूहळू वर नेलं, आजोबांच्या टोपीवर थांबवलं, श्वास रोखला आणि एकेक इंग्रजी अक्षर वाचत गेला, "एम... ए... एच..."