लाकडी रॅकेटवर बंदी कधी आलीच नाही

विम्बल्डन जवळ आलं की एक मेसेज हमखास फिरतो: ‘1980 नंतर लाकडी रॅकेटवर बंदी घातली, तिच्या तारा मांजराच्या आतड्याच्या असत, आणि माळ्यावर एखादी पडली असेल तर लाखोंचा माल समजा.’ तिन्ही गोष्टी खोट्या आहेत. पहिली मला सर्वात जास्त खटकते, कारण लाकूड कसं मागे पडलं ती खरी गोष्ट तिच्यामुळे झाकली जाते.

रॅकेट कशाची असावी, याचं बंधन टेनिसच्या नियमांत नाही. 1978 पर्यंत तर रॅकेटची व्याख्याच नव्हती. ती करावी लागली दुहेरी तारांच्या ‘स्पॅगेटी’ रॅकेटमुळे. 1977 मध्ये रोमानियाच्या नस्तासेनं तीच वापरून अर्जेंटिनाच्या व्हिलासची मातीच्या कोर्टवरची विजयमालिका तोडली होती. बंदी आली ती त्या गटिंगवर, म्हणजे तारा बांधण्याच्या पद्धतीवर, लाकडावर नाही.

लाकूड हरलं ते कोर्टवर. लाकडी फ्रेम मोठी केली की तारांच्या ताणानं वाकते, जाड केली की हाताला जड होते. त्यामुळे तारांची जागा साधारण 65 ते 70 चौरस इंचांवरच अडली. 1976 मध्ये हॉवर्ड हेड यांनी ॲल्युमिनियमची बरीच मोठी ‘प्रिन्स’ आणली आणि दोनच वर्षांत ती घेऊन 16 वर्षांची पॅम श्रायव्हर यूएस ओपनच्या अंतिम फेरीत पोचली. तरीही मॅकेन्रोनं 1981 चं विम्बल्डन आणि नोआनं 1983 ची फ्रेंच ओपन जिंकली ती लाकडानंच. 1991 मध्ये विम्बल्डनचा माजी विजेता बोर्ग माँटे कार्लोच्या स्पर्धेत लाकडी रॅकेट घेऊन उतरला, तेव्हा त्याला कुणी अडवलं नाही. स्पेनच्या आरेसेनं त्याला 6-2, 6-3 असं सरळ हरवलं.

मांजराचा तर इथे संबंधच नाही. तारा मेंढीच्या आणि पुढे गाईगुरांच्या आतड्याच्या. फेडररच्या उभ्या ताराही आतड्याच्याच होत्या.

राहिली किंमत. डनलॉप मॅक्सप्लायसारख्या रॅकेट कारखान्यांतून इतक्या निघाल्या की नुसतं जुनं असून भागत नाही. संग्राहक शोधतात ती एकोणिसाव्या शतकातली, एका बाजूला कललेल्या डोक्याची किंवा माशाच्या शेपटीसारख्या मुठीची. आपल्याकडची असेल तर डोळ्यासमोर आडवी धरून कड बघा. पावसाळी दमटपणानं फ्रेमला पीळ पडला असेल, लाकडाचे थर सुटले असतील, तर संग्राहक तिला हात लावणार नाही. सरळ असेल, तर चार नटांच्या प्रेसमध्ये (फ्रेम आवळून सरळ ठेवणाऱ्या चौकटीत) घालून कोरड्या जागी ठेवा.