मोटार जळालेली नव्हती

पाच मिनिटं. वॉशिंग मशीनचं मागचं झाकणसुद्धा न उघडता हा दुरुस्तीवाला आईला सांगून मोकळा झाला, "काकू, मोटार जळाली. याचे पार्ट आता येत नाहीत. बाराशे देतो, आत्ताच उचलून नेतो." वर बघायला आल्याचे साडेतीनशे घेतले ते वेगळेच. पंच्याहत्तरीची बाई, दुपारची घरात एकटी, समोर गळ्यात ओळखपत्र अडकवलेला माणूस. तिला खरंच वाटणार ना! नशीब, हो म्हणायच्या आधी तिने मला फोन केला. नाहीतर संध्याकाळी घरी आल्यावर मोरीशेजारी नुसता फरशीवरचा चौकोनी डाग दिसला असता.

१९९३ साली बाबांच्या बोनसमधून घेतलेली सेमी-ऑटोमॅटिक आहे ही. एका टबात धुवायचं, दुसऱ्यात पिळायचं. पिळायच्या टबाला आपण सगळे ड्रायर म्हणतो. त्यात गरम हवा वगैरे काही नसते, तो नुसता गरगर फिरून पाणी बाहेर फेकतो. पण लालबागच्या जुलैत त्याच्याशिवाय निभत नाही. तीन दिवस पंख्याखाली टांगलेल्या चादरींचा कुबट वास आणि सकाळी साडेसहाला दमट युनिफॉर्मवर फिरवलेली इस्त्री, हे ज्याने काढलंय त्याला वेगळं सांगायला नको.

शुक्रवारी रात्री जेवणं झाल्यावर मी मशीन पुढे ओढली. सहा स्क्रू काढले की झाकण हातात येतं. टायमर फिरवला तर मोटार नुसती हूंऽऽ करत होती. अरे, पार जळालेली मोटार हूं करते का? ती जळका वास मारते, फ्यूज उडवते, नाहीतर गप्प पडते. हूं करतेय पण फिरत नाही म्हणजे बहुतेक तिला सुरुवातीचा रेटा मिळत नाही. असल्या सिंगल फेजच्या, म्हणजे घरच्या साध्या विजेवरच्या मोटारीला तो रेटा कंडेन्सरमुळे, विजेचा भार साठवणाऱ्या छोट्या डबीमुळे मिळतो, हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल. पट्टा उतरवला, मोटार चालू केली आणि तिच्या पुलीला आईच्या लाटण्याने हलका धक्का दिला. फिरली! टायमरने दिशा बदलल्यावर उलट्या बाजूने धक्का दिला, तिकडेही फिरली. प्लग काढला, कंडेन्सर डिस्चार्ज करून सोडवला. डोकं फुगलेलं होतं त्याचं. अंगावर क्षमता १० मायक्रोफॅरड छापलेली, मीटरवर जेमतेम ३. शनिवारी सकाळी लोहार चाळीच्या इलेक्ट्रिकच्या बाजारात जाऊन नवा आणला, ९० रुपयांत. दुपारी एकच्या आत पहिला घाणा दोरीवर.

नव्वद रुपये! आणि या नव्वद रुपयांसाठी तीस वर्षांहून जास्त चाललेली मशीन भंगारात जाणार होती. एखाद्याला येत नसेल तर मी समजू शकतो. "काकू, मला जुन्या मशीनचं जमत नाही," असं सांगून गेला असता तर मी चहा पाजला असता. पण त्याला सगळं माहीत होतं. त्याशिवाय बंद पडलेल्या मशीनचे कोणी बाराशे देतं? या जुन्या मोटारींचं वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, तांब्याचं असतं, एका मशीनमध्ये मोटारी दोन, आणि तांब्याचा भाव भंगारवाल्याला झोपेतही पाठ असतो. म्हणजे आईला घाबरवून, तिच्याकडूनच पैसे घेऊन, तिचीच मशीन स्वस्तात उचलायची. चीड येते हो, खरंच चीड येते.

अशी ही तिसरी मशीन. डोंबिवलीच्या मावशीच्या मशीनलाही "गिअरबॉक्स गेला" सांगितलं होतं. पट्टा सैल झाला होता, एवढंच. खालच्या मजल्यावरच्या काकांच्या ड्रायरमधून रबर जळाल्याचा वास यायचा. त्यांना नवीन मशीनचं कोटेशन देऊन झालं होतं. झाकण उघडलं की ड्रायर थांबवणारा जो ब्रेक असतो, त्याची तार ढिली पडली होती आणि ब्रेकशू सतत घासत होता. तार ताणली, विषय संपला. रविवारचे दोन तास गेले माझे, बास.

आणि "घे ना रे एक फुल्ली ऑटोमॅटिक, एक्स्चेंजमध्ये मिळते" म्हणणारे नातेवाईक! आमच्याकडे पाणी सकाळी दीड तास. त्या मशीनला दर वेळी पाणी भरताना नळाला दाब लागतो. मध्येच पाणी गेलं की ती पडद्यावर एररचे आकडे दाखवत बसते. हिच्यात पिंपातलं पाणी बादलीने ओतता येतं. आधी पांढरे, मग त्याच साबणाच्या पाण्यात रंगीत, शेवटी पायपुसणी, आणि उरलेल्या पाण्याने आई गॅलरी धुते. शिवाय कित्येक नव्या फ्रंटलोड मशीनचा बाहेरचा टब दोन भाग वितळवून कायमचा जोडलेला असतो. आतलं बेअरिंग वाजायला लागलं की अख्खा टब बदला. हिच्या मोटारीचं बेअरिंग मी घरी बसून बदललंय.

युरोपात मार्च २०२१ पासून नियम आहे, मॉडेल बाजारातून गेल्यावरही वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग किमान १० वर्षं मिळाले पाहिजेत. आपल्याकडे २०२२ मध्ये केंद्राने राइट टू रिपेअरसाठी, म्हणजे वस्तू दुरुस्त करून घ्यायच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. छान. पण लालबागच्या तिसऱ्या मजल्यावर माझ्या आईसमोर उभं राहून "पार्ट येत नाहीत" म्हणणाऱ्याला त्याने काय फरक पडला? आणि पार्ट येतात हो! नागदेवी स्ट्रीटला जुना ऑइल सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीची गळती रोखणारी रबरी रिंग, खिशातून काढून गल्ल्यावर ठेवा. माणूस व्हर्नियर लावतो, आतलं माप, बाहेरचं माप, जाडी, आणि मागच्या खणातून तसाच सील काढून देतो. मशीन कुठली, कुठल्या सालची, विचारतसुद्धा नाही.

मलाही आता तिथेच जायचंय. ड्रायरखाली थेंब थेंब गळतंय, सील कडक झालाय. तोपर्यंत खाली जुना टॉवेल घालून ठेवलाय. त्या साडेतीनशेसाठी रविवारपासून चार फोन केले. पहिला उचलला, "साहेबांना विचारून सांगतो" म्हणाला. पुढचे तीन नुसते वाजत राहिले.