पाचशे प्रतींची गाणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. अप्रसिद्ध राहिलेल्या पंक (रांगड्या, वेगवान रॉक संगीताचा एक प्रकार) बँडांवरील माझ्या लेखाविषयी आपले दोन आक्षेप आहेत. हे बँड विसरले गेले कारण त्यांचे संगीतच सामान्य होते, हा पहिला. आणि त्यांच्या दुर्मीळ तबकड्यांच्या प्रती करून एकमेकांना देणे, ज्याला मी संगीत वाटून घेणे म्हणतो, ती सरळसरळ चोरी आहे, हा दुसरा. दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. पहिला मात्र मला मान्य नाही, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

काळाच्या चाळणीत चांगले तेवढेच उरते, असे आपण म्हणता; पण चाळणीत पडण्यासाठी गाणे आधी कोणाच्या तरी कानी पडावे लागते. डेट्रॉइटच्या ‘डेथ’ या बँडचे पाहा. डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस या हॅकनी बंधूंनी १९७५ मध्ये सात गाणी ध्वनिमुद्रित केली. अमेरिकी संगीत उद्योगातील बडे अधिकारी क्लाइव्ह डेव्हिस यांनी त्यांच्यात रस दाखवला, परंतु बँडचे नाव बदलावे अशी त्यांची अपेक्षा होती आणि डेव्हिड यांनी ती साफ नाकारली. पुढच्या वर्षी भावांनी स्वतःच दोन गाण्यांची तबकडी काढली. तिच्या प्रती निघाल्या अवघ्या ५००. डेव्हिड २००० मध्ये वारले. त्याआधी त्यांनी मूळ टेप बॉबी यांच्याकडे सोपवल्या आणि जग एक दिवस या टेपा शोधत येईल, असे सांगितले. झालेही तसेच. संग्राहकांच्या हाती ती तबकडी लागली, तिच्या प्रती इंटरनेटवर फिरू लागल्या आणि कॅलिफोर्नियातील एका मेजवानीत बॉबी यांच्या मुलाच्या कानावर चक्क आपल्या वडिलांचा आवाज पडला. २००९ मध्ये ड्रॅग सिटी या लेबलने (तबकड्या काढणाऱ्या कंपनीने) ती सातही गाणी प्रसिद्ध केली. १९७५ ते २००९ या काळात त्या संगीतातला एक सूरही बदलला नव्हता. मग इतकी वर्षे ते सामान्य होते आणि नंतर अचानक उत्तम झाले, असे कसे म्हणता येईल?

‘स्वतःच करा’ ही वृत्ती, म्हणजे कंपनीवर न विसंबता आपली तबकडी आपणच काढणे, हे नाइलाजाला दिलेले गोंडस नाव आहे, असेही आपण लिहिले आहे. पैशाची चणचण होती, हे खरेच. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने १९७७ च्या जानेवारीत आपली पहिली तबकडी काढली ती ५०० पौंड उसने घेऊन. पण त्याच वर्षी लंडनच्या डेस्परेट बायसिकल्सनी केवळ १५३ पौंडांत तबकडी काढली आणि हे काम सोपे व स्वस्त आहे, तुम्हीही करा, असे ऐकणाऱ्यांना उघडपणे सांगितले. स्क्रिटी पोलिटी यांनी तर १९७८ मध्ये ध्वनिमुद्रणापासून छपाईपर्यंतचा खर्च बाबवार वेष्टनावरच छापला. ज्याच्याकडे केवळ नाइलाज असतो, तो आपला हिशेब दुसऱ्याच्या हाती देत नाही.

आता चोरीविषयी. घरी कॅसेट भरून घेतल्याने संगीत मरत आहे, अशी मोहीम ब्रिटनच्या ध्वनिमुद्रण उद्योगाने १९८१ मध्ये उघडली. त्याच वर्षी अमेरिकेतील डेड केनेडीज यांनी एका कॅसेटची दुसरी बाजू मुद्दाम कोरी ठेवली आणि या प्रकाराने मरतो आहे तो कंपन्यांचा नफा, त्यात तुम्हीही हातभार लावावा म्हणून ही बाजू मोकळी सोडली आहे, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर छापला. हे आवाहन कलावंतांनी स्वतः केलेले होते, हे आपण लक्षात घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

तथापि एका बँडने दिलेली मोकळीक इतरांच्या वतीने मी गृहीत धरू शकत नाही, हा आपला मुद्दा बिनतोड आहे. त्याच डेड केनेडीजचा मानधनाच्या हिशेबावरून आपसांतला वाद पुढे न्यायालयात गेला आणि २००० मध्ये निकाल गायकाच्या विरोधात, इतर सदस्यांच्या बाजूने लागला. म्हणजे वाटून घेण्याचा पुरस्कार करणाऱ्यांनाही आपल्या वाट्याचे पैसे हवे होते, आणि ते मागण्यात गैर काहीच नव्हते. या बाबतीत मला वॉशिंग्टनच्या डिस्कॉर्डचा पायंडा अधिक भावतो. १९८० मध्ये टीन आयडल्स या बँडच्या साठलेल्या पैशांतून सुरू झालेल्या या लेबलने लेखी करार न करताही नफ्याचा निम्मा वाटा बँडांना दिला आहे. फुगाझी या बँडनेही २०११ पासून आपल्या शेकडो मैफलींची ध्वनिमुद्रणे खुली केली. तेव्हा सुचवलेली किंमत पाच डॉलर होती, पण ऐकणारा आपल्या ऐपतीप्रमाणे कमी-जास्त देऊ शकत होता.

माझ्या लेखात ‘ज्याला हवी त्याला प्रत द्या’ असे सरसकट वाक्य होते. ते मी आज बदलले आहे. जी तबकडी विकत मिळते ती विकतच घ्यावी, जी मिळत नाही तिच्यासाठी आधी बँडच्या हयात सदस्यांना विचारावे, त्यांनी नकार दिल्यास तो पाळावा आणि कोणाचाच माग लागत नसेल तेव्हाच विनामूल्य प्रत द्यावी, असे आता तेथे लिहिले आहे.