बाळाच्या डोक्याचा घेर मोजणे अनावश्यक आहे काय?

तान्ह्या बाळाचे वजन आणि लांबी नीट वाढत असेल, तर डोक्याचा घेर पुन्हा पुन्हा मोजण्याची गरज नाही, हा दावा पालकांमध्ये सर्रास पुढे पाठवला जातो. त्याच्या पुष्ट्यर्थ चार कारणे दिली जातात: वजनातून सगळे कळतेच, मोठे डोके हे हुशारीचे लक्षण आहे, लहान डोके वर्षभरात आपोआप भरून निघते, आणि मोजपट्टीचा आकडा मुळातच बेभरवशाचा असतो. शेवटच्या कारणात थोडे तथ्य आहे. बाकीची तीन टिकत नाहीत, आणि त्यांवर विसंबल्याने उपचारांचा मोलाचा काळ वाया जाऊ शकतो.

पहिले कारण वजनाचे. बाळाची कवटी प्रामुख्याने आतला मेंदू वाढतो म्हणून वाढते. त्यामुळे पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची वाढ बाहेरून जोखण्याचे डोक्याच्या घेराइतके सोपे साधन दुसरे नाही. वजनाची चाल वेगळी असते. पोषण कमी पडले की आधी वजन घटते, मग लांबी रेंगाळते आणि डोक्यावरचा परिणाम सहसा सर्वांत शेवटी दिसतो. उलट मेंदूतील द्रव साचू लागला, म्हणजे हायड्रोसेफॅलस झाला, तर डोके झपाट्याने मोठे होते, पण वजन काही काळ अगदी व्यवस्थित दिसू शकते.

मोठ्या डोक्याचा आणि हुशारीचा संबंध लावणे तर सरळसरळ धोक्याचे आहे. पुष्कळदा मोठे डोके आईवडिलांकडून आलेले असते आणि त्यात काहीही वावगे नसते. म्हणूनच डॉक्टर आईवडिलांच्याही डोक्याचा घेर मोजतात. मात्र हा निर्वाळा एका आकड्यावरून देता येत नाही. समजा, सहा महिन्यांच्या दोन मुलग्यांच्या डोक्याचा घेर 45 सेंमी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार या वयाचा मध्यांक (निम्मी बाळे ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात तो आकडा) सुमारे 43.3 सेंमी असल्याने दोघेही मध्यरेषेच्या वर, पण सामान्य मर्यादेच्या आत आहेत. पहिल्याचा घेर जन्मतःच 36 सेंमीच्या पुढे होता आणि तो तक्त्यावरच्या आपल्याच वाढीच्या रेषेने वर चढत आला आहे. त्याची काळजी नको. दुसऱ्याचा घेर जन्मतः 34 सेंमी आणि चौथ्या महिन्यात 41 सेंमी होता. त्यानंतरच्या दोन महिन्यांत पावणेदोन सेंमीच्या आसपास वाढ अपेक्षित असताना त्याचे डोके 4 सेंमीने वाढले आहे. आजचा आकडा तोच असला, तरी या बाळाची तपासणी लांबणीवर टाकता येणार नाही. टाळू फुगलेली वाटणे, वारंवार उलट्या, सततची किरकिर किंवा डोळ्यांची बुबुळे खाली झुकलेली दिसणे यांपैकी काही आढळले, तर पुढच्या नियोजित भेटीची वाट पाहू नये.

लहान डोके आपोआप भरून निघते, हे अर्धसत्य आहे. वेळेआधी जन्मलेल्या बाळांचा घेर पुढे बरेचदा भरून येतो. त्यांचे वय मात्र प्रसूतीच्या मूळ अपेक्षित तारखेपासून धरावे लागते, नाहीतर निरोगी बाळसुद्धा तक्त्यावर मागे पडलेले दिसते. पण पूर्ण दिवसांच्या बाळाचा घेर मध्यांकापेक्षा दोन प्रमाण विचलनांहून (प्रमाण विचलन म्हणजे मापे मध्यांकाभोवती साधारण किती पसरलेली असतात ते सांगणारे एकक) खाली असेल, किंवा तो आपली रेषा सोडून सतत खाली घसरत असेल, तर कारण शोधलेच पाहिजे. ते कारण आनुवंशिक असू शकते, गरोदरपणातील संसर्गाचे असू शकते किंवा कवटीचे सांधे अकाली जुळल्याचेही असू शकते. ब्राझीलमध्ये 2015 साली डासांमार्फत पसरणाऱ्या झिका विषाणूचा गर्भावरील परिणाम लक्षात आला, तो नवजात बाळांमध्ये अतिशय लहान डोकी अचानक जास्त प्रमाणात दिसू लागल्यामुळेच.

आता बेभरवशाच्या मोजपट्टीविषयी. सहाव्या महिन्यात एक प्रमाण विचलन म्हणजे जेमतेम सव्वा सेंटीमीटर. त्यामुळे पट्टी सैल धरल्याने एका सेंटीमीटरची चूक झाली, तरी मध्यरेषेवरचे बाळ बरेच वर गेलेले भासते. पण यावरून मोजणेच सोडून देणे हा निष्कर्ष निघत नाही, नीट मोजावे एवढाच निघतो. न ताणली जाणारी पट्टी पुढे भुवयांच्या किंचित वर, बाजूंनी कानांच्या वर आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावर यावी. वेण्या किंवा क्लिपा आधी काढाव्यात, पट्टी केस दबतील इतकी घट्ट धरावी, निदान दोन-तीनदा मोजावे आणि सर्वांत मोठा आकडा मिलिमीटरपर्यंत नोंदवावा. प्रसूतीच्या वेळी डोके दबलेले किंवा सुजलेले असू शकते, म्हणून जन्मानंतर लगेच घेतलेले माप एक-दोन दिवसांनी पुन्हा घ्यावे. मुलगा आणि मुलगी यांचे तक्ते वेगळे असतात, हेही पाहावे; आणि एखादे माप मागच्या मापांशी जुळत नसेल, तर घाबरण्याआधी ते त्याच वेळी दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा घ्यावे.