केदारकुंड धबधब्याला जाताय? आकाश आधी वरचं बघा

पाटणादेवीच्या जंगलातल्या धबधब्यांवरचा लेख आवडला. आम्ही चाळीसगावकर, श्रावणातली एक तरी फेरी ठरलेलीच. पण "नदीकाठी मस्त तंबू टाका" हे वाक्य खटकलं. एक तर हे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे, बिबट्याचं घर. परवानगीशिवाय इथे मुक्काम करता येत नाही. दुसरं, डोंगरी नदीचा भरवसा नाही. खाली ऊन असतं आणि वर कन्नडच्या पठारावर धो धो चालू असतं. ते पाणी दरीत उतरायला कितीसा वेळ लागणार? ३१ ऑगस्ट २०२१ चा चाळीसगावचा पूर आठवा. त्याच दिवशी कन्नड घाटात दरडीही कोसळल्या होत्या.

आम्ही स्वतः एकदा फसलोय. केदारकुंडाहून परतताना, सकाळी घोट्याइतका असलेला ओढा मांडीपर्यंत आला होता. दोन तास दगडावर बसून काढले, कळण्याची भाकरी आणि ठेचा सोबत होता म्हणून बरं! पाणी गढूळ झालं, त्यात काड्या-पाला वाहून यायला लागला की सरळ वर सरकायचं, फोटो नंतर.

आणि धवलतीर्थ धबधब्याबद्दल एवढं लिहिलंत, मग थोर गणिती भास्कराचार्य कसे राहिले? त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चांगदेवाने मठ काढल्याचा शिलालेख इथल्याच पाटण गावी आहे. पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे जायचं तर गावातला माहीतगार घ्या. पावसाळ्यात गवत इतकं वाढतं की पायवाट आम्हालाही सापडत नाही.